झाला की केला

त्या मोसमात त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला एकाही प्रतिस्पर्ध्याने हरवले नव्हते, हे विधान अक्षरशः खरे होते. आणि तो संघ झाडून सगळे सामने हरला होता, हेही तितकेच खरे होते. या दोन विधानांत ज्याला विरोध दिसेल, त्याने तो संघ खेळताना पाहिलेला नसावा. प्रतिस्पर्धी येत, बुटांच्या नाड्या बांधत, पाहुण्यांना शोभेल अशा बेताने इकडून तिकडे धावत, आणि उरलेले काम यजमान मंडळी स्वतःच्या पायांनी उरकून देत. एका पाहुण्या कर्णधाराने निघताना हात मिळवून म्हटलेही होते, "तुमच्याशी खेळायला घाम लागत नाही, फक्त धीर लागतो."

या संघाची जबाबदारी भाषेच्या प्राध्यापकांकडे होती. क्रीडाशिक्षक नोकरी सोडून गेले तेव्हा प्राचार्यांनी शिक्षकांच्या खोलीत एक नजर फिरवली, आणि भिंतीवरच्या छापील सूचनेतला अनुस्वार पेन्सिलीने दुरुस्त करत जो मनुष्य उभा होता, त्याच्यावर ती येऊन ठेपली.

"तुम्हाला नियमांची आवड आहे," प्राचार्य म्हणाले. "फुटबॉलात नियमच नियम असतात."

सरांनी नियमांचे पुस्तक मुखोद्गत केले. चेंडूला पाय मात्र त्यांनी जन्मात कधी लावला नव्हता, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "पोहायला शिकवणाऱ्याने आधी बुडून दाखवावं, असा काही दंडक नाही," असे ते म्हणत. मुलांनी त्यांचे नाव 'पूर्णविराम' ठेवले होते. सरांचे वाक्य कधी अर्धवट सुटत नसे. शेवटच्या शब्दावर ते मान किंचित खाली आणत, आणि तेथे ठिपका पडल्याचा भास होई.

हे काम त्यांनी नाक मुरडतच पत्करले होते. पण वर्गात त्यांच्यासमोर जेमतेम तीन विद्यार्थी बसत, त्यातला एक पंख्याखाली झोपायला येई, आणि दुपारनंतर सरांचे असे कोणी उरतच नसे. मैदानावर मात्र संध्याकाळी सगळा संघ त्यांच्याभोवती कोंडाळे करून गवतावर बसे आणि तोंड उघडे टाकून त्यांचे बोलणे ऐके. ती तोंडे दम लागल्यामुळे उघडी असत, हे सरांना ठाऊक होते. तरीही त्या अर्ध्या घटकेसाठी ते सकाळपासून वाक्ये जुळवत असत.

पहिला सामना गेला तो एका शब्दापायी. संघाचा गोलरक्षक 'दरवाजा' या नावाने ओळखला जाई. हे नाव त्याला कौतुकाने मिळालेले नव्हते. त्याच्या पुढ्यात बचावाला उभा असे 'खांब': उंच, रुंद, प्रामाणिक आणि जागचा न हलणारा. चेंडू दोघांच्या मध्ये आला. दरवाजा ओरडला, "सोड." त्याच्या मनात होते, तू बाजूला हो, मी घेतो. खांबाने ऐकले ते, बाण सोडावा तसा सोड. त्याने सर्व शक्ती एकवटून सोडला. चेंडू दरवाजाच्या काखेखालून स्वतःच्याच जाळ्यात गेला, आणि जाळे मागे जाऊन पुन्हा पुढे आले.

दुसऱ्या सामन्यात बाजूरेषेवरून चेंडू आत फेकण्याची पाळी आली. फेकणारा मुलगा घरातले शेंडेफळ. आयुष्यात त्याला कोणी मोठेपण दिलेले नव्हते. प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाने हात वर करून अदबीने हाक मारली, "दादा, इकडे." पोरगा पार विरघळला. त्याने चेंडू नेमका त्या पाहुण्याच्या पायाशी दिला, आणि पाहुण्याने तो ओवाळणी स्वीकारावी तसा स्वीकारून जाळ्यात नेऊन ठेवला.

तिसऱ्या सामन्यात शिट्टी ऐकू आली, म्हणून खांबाने खेळ थांबला असे समजून स्वतःच्या गोलापुढे चेंडू हातांनी उचलला आणि पंचांकडे नेऊन दिला. शिट्टी कॉलेजच्या भोजनगृहातल्या कुकरची होती. पंचांनी चेंडू घेतला, आभार मानले आणि पेनल्टी दिली.

प्रत्येक सामन्यानंतर सर विचारीत, "काय झालं?" आणि प्रत्येक वेळी उत्तर येई:

"सर, चूक झाली."

"बॉल सुटला, सर."

"गोल झाला. एकदम झाला."

या उत्तरांत काहीतरी खुपते आहे, हे सरांना जाणवत होते. नेमके काय, ते त्यांना बायकोच्या दवाखान्यात उमगले.

सरांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर होत्या. कॉलेज सुटल्यावर सर कधीकधी त्यांच्या दवाखान्यात जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत, आणि रुग्णांची तोंडे उघडी असल्यामुळे तेथेही त्यांचे कोणी खंडन करत नसे. त्या दिवशी खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ होते. डॉक्टरीणबाईंनी दिवा त्यांच्या तोंडावर आणला.

"हे कधीपासून?"

"काय सांगू डॉक्टर, दात किडला."

"किडला. आणि रात्री ब्रश?"

"राहून जातो."

"गोळ्या-चॉकलेटं?"

"खाल्ली जातात."

ते गृहस्थ गेल्यावर बाईंनी हातमोजे काढून टोपलीत टाकले. "ऐकलंत? दात किडला, ब्रश राहिला, चॉकलेट खाल्लं गेलं. यांच्या तोंडात सगळं आपोआप होतं. हे बिचारे फक्त तोंडाचे मालक."

सर स्टुलावरून उठले. "पुन्हा म्हण."

"काय? तोंडाचे मालक?"

"आपोआप होतं." सरांचे डोळे चमकत होते. "अगं, आमच्या संघात खेळतंच कोणी नाही. सगळं होतं. गोल होतो, बॉल सुटतो, पाय घसरतो. क्रिया आहे, कर्ता नाही. कर्त्याशिवाय संघ जिंकणार कसा?"

"मला वाटलं, गोल न मारल्यामुळे हरता," बाई म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

दुसऱ्या दिवशी संघाच्या खोलीत, ओले मोजे वाळत घातलेल्या दोरीखाली, सरांनी फळ्यावर खडूने नियम लिहिला: 'या संघात यापुढे काहीही होणार नाही. जे काही असेल ते कोणीतरी केलेले असेल.' झाला, सुटला, लागला, घसरला, राहिला या शब्दांवर बंदी. जो ते उच्चारील, त्याने मैदानाला फेरी मारायची.

मधल्या फळीत खेळणारा 'रेडिओ' हा संघातला सर्वांत बोलका. मैदानावर त्याचे तोंड पायांपेक्षा अधिक धावे. त्याने हात वर केला. "सर, पाऊस झाला तर?"

"पाऊस पडतो. पडणं हे त्याचं कर्तृत्व आहे."

"आणि उशीर झाला तर?"

"तू केलास."

"बसने केला असेल तर?"

"फेरी मार," सर म्हणाले.

औषध जालीम होते यात शंका नाही. रोगी निराळा निघाला, इतकेच. सरांची अपेक्षा अशी की, जो तो छातीवर हात ठेवून 'मी केले' म्हणेल. परंतु क्रियापदाला तीन पुरुष असतात, हे स्वतः शिकवणाऱ्या माणसाने विसरायला नको होते. मुलांनी प्रथम पुरुष दूर ठेवला आणि तृतीय पुरुष उचलला. सरावात चेंडू चुकला की दहा बोटे दहा दिशांना जाऊ लागली. "त्याने केलं." "मी नाही, ह्याने केलं." जोवर चुका बेवारस होत्या, तोवर संघात गोडीगुलाबी होती, आता प्रत्येक चुकीला बाप शोधण्याची मोहीम निघाली आणि घराघरात असते तशी भाऊबंदकी माजली.

दरवाजा आणि खांब यांचे तर फारच वाजले. 'सोड'चे जुने मढे उकरले गेले.

"तू ओरडलास 'सोड', मी सोडला."

"सोड म्हणजे सोडून दे. आई तुला 'हट्ट सोड' म्हणते तेव्हा तू तो लाथेने उडवतोस का?"

"माझ्या आईपर्यंत जाऊ नकोस."

"गेलो नाही. तूच तिथे असतोस, आईच्या पदराआड."

त्या वाक्यानंतर दोघांनी अबोला धरला. नुसता रुसवा नव्हे. रीतसर, शेजारच्या दोन जावांनी हेवा करावा असा अबोला. पाण्याची बाटली हवी असली तरी दरवाजा रेडिओकडे बघून म्हणे, "त्याला सांग, बाटली दे म्हणावं," आणि बाटली रेडिओच्या हातून फिरून येई.

चौथा सामना या अबोल्याने गिळला. प्रतिस्पर्ध्यांनी दुरून एक मरगळलेला फटका मारला होता. चेंडू गवतावरून पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा येत होता. दरवाजाने रेडिओला हाक दिली, "त्याला सांग, मागे माणूस आहे."

रेडिओ खांबाकडे वळला. "तो म्हणतोय, मागे माणूस आहे."

"त्याला सांग, ज्याचं काम पुढे बघायचं, त्याने पुढे बघावं."

रेडिओ निष्ठावान दूत होता. निरोप हातवाऱ्यांसह पोचवण्यासाठी तो गर्रकन वळला. वळताना त्याची टाच चेंडूवर बसली, आणि आतापर्यंत दिशाहीन असलेला चेंडू थेट जाळ्यात शिरला. दरवाजा आणि खांब यांनी एकाच वेळी, गेल्या कित्येक दिवसांत प्रथमच एकमुखाने सांगितले, "ह्याने केलं."

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतले. प्राचार्यांच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती मैदानावर उघडत असे. तेथे ते पाठमोरे उभे होते.

"किती सपाट आहे, नाही?" ते म्हणाले.

"खेळायला उत्तम," सर म्हणाले.

"गाड्या लावायला त्याहून." प्राचार्य वळले. "शिक्षकांच्या गाड्या रस्त्यावर उन्हात उभ्या असतात. मी स्वतः कालपासून माझी कडेला लावून बघतोय. छान बसते. हे बघा, हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः तीन निवडणुका हरलोय. पण मला समोरच्यांनी हरवलं होतं. तुमचं पोरगं स्वतःच्याच जाळ्यात गोल मारतं, आणि मग लोक मला लग्नकार्यात गाठून विचारतात, तुमच्या मुलांना दिशा शिकवत नाही का?"

"दिशा भूगोलात येतात."

"शेवटचा सामना उरलाय. त्यात हरा, माझी ना नाही. पण गोल समोरच्यांनी केलेला असला पाहिजे. पुन्हा जर आपल्याच पायाने आपल्याच जाळ्यात गेला, तर संघ बंद आणि मैदानावर चुन्याच्या रेघा. गाड्यांच्या."

सर बाहेर पडले तेव्हा मैदानावर मुले सराव करत होती. दुपारनंतर आपल्याकडे काय उरेल, याचा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो वाक्य पूर्ण होण्याआधीच सोडून दिला, जे त्यांच्या स्वभावात नव्हते. मग ते ताडताड चालत गोलापाशी गेले.

"अदलाबदल," ते म्हणाले. "खांब आत. दरवाजा बाहेर."

"सर, ह्याला सांगा—" दरवाजा सुरू झाला.

"मी कोणाला काही सांगणार नाही. मी रेडिओ नाही."

खांबाने हातमोजे घातले. ते त्याला तोकडे होत होते. रेडिओने चेंडू उंच टाकला. तो दोघांच्या मध्ये आला. मागे उभे राहिल्यावर जगच निराळे दिसते: खांबाला वाटले, हा मी झेलतो, आणि समोरचे हे धूड आडवे आले तर दोघेही कोसळू. त्याच्या तोंडून शब्द निसटला, "सोड."

आणि दरवाजाने, पुढे उभा असलेला माणूस जे करतो तेच केले. पाय आधी उचलला गेला, अर्थ नंतर लागला. चेंडू खांबाच्या कानाजवळून जाळ्यात गेला.

खांब आधी खोकल्यासारखा, आणि मग गवतावर बसून हसू लागला. दरवाजा जरा वेळ तोंड वाकडे करून उभा राहिला.

"हट्ट लाथेने उडवतोस का?" खांबाने विचारले.

"गप बस रे," दरवाजा म्हणाला, आणि त्या तीन शब्दांत अबोला मोडला. "पण काय म्हणायचं मग? 'सोड' नको. 'माझा' म्हणावं, तर सगळेच 'माझा' म्हणतात."

"गोल झा—" रेडिओने जीभ चावली. "गोल केल्यावर मात्र कोणी म्हणत नाही."

सर गवतावर बसले. ज्याला एकच अर्थ आहे असा शब्द हवा, असा ठराव पुढे आला. 'घे' म्हणावे, तर कोणी घ्यायचे? 'थांब' म्हणावे, तर खांबाला तसेही तेवढेच येते. 'जाऊ दे' म्हटले की तो चेंडू जाळ्यात जाऊ देईल. सरांनी एकेक शब्द उन्हाकडे धरावा तसा पारखून फेकून दिला. भाषेत एकार्थी शब्दांचा इतका तुटवडा असावा, याचे त्यांना प्रथमच वाईट वाटले.

"सर," रेडिओ म्हणाला, "घटस्फोट."

"काय?"

"एकच अर्थ. ऐकला की संबंध संपला. खांबाने पाय उचलायचा आणि बाजूला व्हायचं. पोटगी नाही, काही नाही."

"घट म्हणजे घडा," सर उत्साहाने म्हणाले, "आणि स्फोट म्हणजे—"

सगळा संघ एकदम कण्हला. ठराव मात्र मंजूर झाला.

शेवटच्या सामन्याला वरच्या रस्त्यावरचे कॉलेज आले होते. त्यांचा आघाडीचा खेळाडू 'बगळा' याच नावाने ख्यात: उंच, सडपातळ, एका पायावर स्तब्ध उभा राही आणि टिपायचे ते नेमके टिपे. पंच एकटेच होते. पोटापाण्यासाठी ते वकिली करत, आणि कुटुंब न्यायालयात त्यांचे बस्तान चांगले होते. मैदानाच्या कडेला प्राचार्यांची गाडी उभी होती, आणि गाडीला टेकून खुद्द प्राचार्य. सरांच्या पत्नी दवाखाना बंद करून आल्या होत्या आणि घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

पहिला हल्ला आला. चेंडू गोलापुढे उसळला.

"घटस्फोट," दरवाजा गरजला.

खांब विजेचा झटका बसल्यासारखा बाजूला झाला आणि दरवाजाने चेंडू छातीशी धरला. पंचांची मान आपसूक वळली होती. व्यवसायाची सवय अंगात मुरलेली असते.

घडीच्या खुर्चीवरून प्रश्न आला. "अहो, कोणाचा?"

"संघाचा शब्द आहे," सर म्हणाले.

"मला निदान आधी सांगायचं होतं. मी पर्स उचलून उभी राहिले होते."

खेळ रंगला. काही केल्या चूक होईना. शेंडेफळाला कोणी "दादा" म्हणाले, तेव्हा त्याने "तुझा दादा घरी" असे उत्तर देऊन चेंडू आपल्या माणसाला फेकला. भोजनगृहात कुकरने शिट्टी दिली. खांबाने एक भुवई उचलली, हात नाही उचलले. मध्यंतराला गुणफलक कोरा होता आणि प्राचार्यांचा चेहरा किंचित उतरला होता. सर मुलांना काहीतरी सांगायला गेले, पण वाक्य सापडेना. त्यांनी नुसत्याच पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या.

खेळ संपत आला असता बगळ्याने दुरून फटका मारला. असा फटका त्या मैदानाने पाहिलेला नव्हता. दरवाजाला तो येताना दिसला, खांब वाटेत होता.

"घटस्फोट."

खांबाने आज्ञा पाळली. पाय झटक्यासरशी उचलून तो बाजूला झाला. पण चेंडू वेगवान होता, आणि उचललेली टाच त्याला ओझरती शिवली. चेंडू कोपऱ्यातून जाळ्यात गेला.

पंच दरवाजाकडे बघत होते. शब्द ऐकून त्यांची मान तिकडे गेली होती. जाळे हललेले त्यांनी पाहिले, वाटेतले काही नाही.

"गोल," ते म्हणाले. "कोणाचा?"

"माझा," बगळा म्हणाला.

"कोणाच्या पायाला लागला का मध्ये?"

प्राचार्य गाडीपासून सरळ झाले. खांबाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, आणि सरांना एका क्षणात दिसले की काय घडणार आहे. या पोराने बंदी आल्यापासून सर्वांत जास्त फेऱ्या मारल्या होत्या, आणि सर्वांत जास्त शिकला होता तोच. खांबाने छाती भरून श्वास घेतला.

"सर," तो पंचांना म्हणाला, "मी—"

"थांब." सर रेषा ओलांडून आत आले होते, नियमांच्या पुस्तकात त्याला काय शिक्षा आहे, हे त्यांना पाठ होते. "वाक्य नीट कर. तू पाय लावलास, की पाय लागला?"

खांब गोंधळला. "लागला. म्हणजे, लावला... नाही सर. मी तर काढून घेत होतो. घटस्फोटानंतर कोण लावेल?"

"कोणाचा घटस्फोट?" पंचांनी विचारले.

"यांचा दोघांचा," रेडिओ म्हणाला. "पण सामोपचाराने आहे."

"पंच महाशय," सर म्हणाले, "फटका या बगळ्याने मारला. जाळ्याकडे चेंडू त्याने धाडला. वाटेत एक टाच होती, ती शिवली गेली. रस्त्यात झाड असतं, वारा असतो. झाडाने गोल केला, असं आपण म्हणाल का?"

"एक मिनिट," प्राचार्य पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते. "लागला, शिवली गेली. अहो, हे शब्द तर तुमच्याकडे बंद आहेत ना? मी स्वतः फळ्यावर वाचलंय. या संघात काही होत नाही, कोणीतरी करतं. मग हे कोणी केलं?"

आयुष्यात इतक्या वादांत सर उतरले होते, पण स्वतःच्याच हस्ताक्षराने कोणी त्यांना पकडले नव्हते. त्यांची नजर घडीच्या खुर्चीकडे गेली. पत्नी हनुवटीवर हात ठेवून, रुग्णाने तोंड उघडण्याची वाट पाहावी तशी बघत होती.

"बंदी मी घातली," सर म्हणाले. "आणि सरसकट घातली, ही चूक मी केली. झाली नाही, केली. पण काही गोष्टी खरोखर होतात. त्या कोणाच्या तरी माथी मारण्यासाठी मी भाषेतून पाच चांगले शब्द हद्दपार केले. ते आत्तापासून परत." मग पंचांकडे वळून त्यांनी मान किंचित खाली आणली. "टाच लागली. गोल बगळ्याने केला."

पंचांनी क्षणभर विचार केला. दोन्ही पक्ष गोल त्याच माणसाच्या पदरात घालत आहेत, असा खटला त्यांच्यापुढे कधी आलेला नव्हता. "एकमत दिसतंय," ते म्हणाले, आणि गोल बगळ्याच्या नावावर जाहीर केला.

पुढे जे घडले ते बगळा जन्मभर सांगत राहील. हरलेला संघ आरोळ्या ठोकत त्याच्यावर धावून आला. तो पळणार, तोच त्याला खांद्यावर घेतले गेले.

"अरे, मी काय केलं?"

"तूच केलंस," दरवाजा त्याचा बूट कुरवाळत म्हणाला. "बाबा रे, तूच केलंस."

"पण तुम्ही हरलात."

"हरलो नाही," खांब म्हणाला. "हरवलं. तुम्ही."

अंतिम शिट्टी झाली तेव्हा एकाही मुलाने तिच्याकडे लक्ष दिले नाही. प्राचार्यांनी चरफडत कबूल केले की अट पाळली गेली आहे, आणि मैदान निदान पुढच्या मोसमापर्यंत मैदानच राहील. सर बाजूरेषेवर उभे होते. चेंडू कोठूनसा घरंगळत त्यांच्या बुटापाशी आला आणि थांबला. संध्याकाळ सुरेख होती, मुले गात होती, आणि जवळपास कोणी पाहत नव्हते. सरांनी जन्मात प्रथमच चेंडूला पाय लावला.

फटका अनपेक्षितपणे चांगला बसला. चेंडू उंच गेला, वळला, आणि प्राचार्यांच्या गाडीचा पुढचा दिवा आवाज करून आत बसला.

गाणे थांबले.

प्राचार्य काचांच्या ठिकऱ्यांकडे बघत राहिले. "हे काय झालं?"

"दिवा—" सरांनी सुरुवात केली. परत आणलेले पाचही शब्द त्यांच्या जिभेवर हात जोडून उभे होते. घडीच्या खुर्चीवरून एक खाकरणे ऐकू आले, आणि मागे सगळा संघ श्वास रोखून उभा होता.

"फोडला," सर म्हणाले. "मी."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "म्हणजे पुन्हा आपल्याच पायाने."

"होय," सर म्हणाले. "पण जाळ्यात गेला नाही."